हरल्यानंतर गावात कोण जातं?

गेल्या महिन्यात आमच्या संघटनेतली एक तरुण कार्यकर्ती रात्री उशिरा माझ्या घरी आली. ती काम करते त्या गावात त्या दिवशी दारूबंदीसाठी मतदान झालं होतं आणि आडवी बाटली हरली होती. चपला काढायच्या आधीच तिनं विचारलं, "ताई, उद्या बायकांना काय सांगू?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. अपयश ही यशाची पहिली पायरी, बायका घराबाहेर पडल्या हेच मोठं यश, खचायचं नाही, पुन्हा उभं राहायचं. आपण सगळ्याजणी शिबिरात, मेळाव्यात, आठ मार्चच्या भाषणात हेच सांगत असतो. पण त्या पोरीचं तोंड बघून मला ते बोलवेना. काही वर्षांपूर्वी माझ्यावर हीच वेळ आली तेव्हा मी बायकांना काहीच सांगितलं नव्हतं. सांगायला गेलेच नव्हते. ती गोष्ट मी आजवर कुठल्याही अहवालात लिहिलेली नाही. आज इथं लिहिते आहे, कारण हरण्याबद्दल आपण आपसात फार कमी बोलतो असं मला वाटतं. जिंकल्याच्या बातम्या आपण छापतो, हरलेल्या लढ्याचं काय झालं ते कुणी विचारत नाही.

गाव बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं. जमीन हलकी, पाणी कमी. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मुकादमाकडून नवराबायकोच्या जोडीनं उचल घेतलेली असते. त्या जोडीला 'कोयता' म्हणतात. बाईची वेगळी मोजणी कुठंच नाही. गावात सरकारमान्य देशी दारूचं दुकान होतं, शाळेच्या वाटेवर. मी एम.एस.डब्ल्यू. करून संघटनेत आले त्याला तेव्हा तीनच वर्षं झाली होती. बचत गटाच्या बैठकीत दर वेळी विषय निघायचा तो दारूचा. मजुरीचे पैसे हातात पडले की दुकानात जातात, रात्री मारहाण, सकाळी चुलीला काही नाही. शेवटी बायकाच म्हणाल्या, "ताई, त्या बाटलीवर मतदान असतं म्हणं. आपल्याकडं घ्या की."

नियम सगळ्याजणींना माहीत असेल असं नाही, म्हणून सांगते. २००८ सालच्या शासकीय आदेशानुसार गावातल्या पाव हिश्श्याइतक्या महिला मतदारांनी लेखी मागणी केली, की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. पण दुकान बंद व्हायचं तर मतदानाला आलेल्या बायकांपैकी निम्म्यांनी आडवी बाटली म्हणून भागत नाही. मतदार यादीत जितक्या बायकांची नावं आहेत त्या सगळ्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी आली नाही ती उभ्या बाटलीकडे मोजली जाते. आजारी असो, बाळंतीण असो, नवऱ्यानं कोंडून ठेवलेली असो. आमदार-खासदाराला निवडून यायला असली अट नाही. बाईला दारूचं दुकान बंद करायचं असेल तर मात्र आहे.

आम्ही ऑगस्टमध्ये अर्ज दिला. सह्यांच्या पडताळणीला वेळ लागला. मतदानाची तारीख पडली नोव्हेंबर २०१८ मधली. त्या वर्षी पाऊस नव्हता. ऑक्टोबर संपता संपता सरकारनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. गावात हाताला काम नाही म्हटल्यावर टोळ्या लवकर निघाल्या. दिवाळीच्या आगेमागे ट्रक भरभरून बायका पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे गेल्या. जाताना ट्रकमधून हात करून म्हणाल्या, "ताई, आमची मतं तुमी टाका!" आम्ही हसलो. तारीख पुढे ढकला म्हणून आम्ही अर्ज केला, दोनदा जाऊन बसलो. तारीख बदलली नाही.

यादीत ८१२ बायका होत्या. आडव्या बाटलीला ४०७ मतं हवी होती. मिळाली ३७१. उभ्या बाटलीला ६४, बाद ९. एकीकडे ३७१ आणि दुसरीकडे ६४, आणि तरी आम्ही हरलो. निकाल ऐकल्यावर बायकांना तो कळेचना. एकजण मला हलवून विचारत होती, "आपली जास्त हायेत ना? मग?" तेवढ्यात दुकानासमोर फटाके वाजायला लागले.

त्या रात्री मी शेवटच्या जीपनं तालुक्याला परत आले. म्हटलं, दोन दिवसांनी जाऊ. दोन दिवसांचा आठवडा झाला, आठवड्याचे दोन महिने. दुसऱ्या गावांची कामं होती, शिबिर होतं, अहवाल होता. कारणं सगळी खरी होती. पण खरं कारण एकच होतं, मला त्या बायकांना तोंड दाखवायची लाज वाटत होती. घरोघर फिरून "आपण जिंकणार" असं मीच सांगितलं होतं. निवांत बसले की तो आकडा डोक्यात फिरायचा. छत्तीस मतं. आणखी एक फेरी मारली असती तर? त्या वस्तीवर पुन्हा गेले असते तर? झोप लागायची नाही. एम.एस.डब्ल्यू.ला समुदाय संघटन शिकवलं, मूल्यमापन शिकवलं, हरल्यावर काय करायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.

अहवालात मी लिहिलं, '३७१ महिलांनी निर्भयपणे मतदान केले. गावात मोठ्या प्रमाणावर जनजागृती झाली.' एकही शब्द खोटा नव्हता. हरलो हा शब्दही कुठं नव्हता. महिनाअखेरीला माझं मानधन नेहमीप्रमाणे बँकेत जमा झालं.

दोन महिन्यांनी, संक्रांतीनंतर, मी गेले. ज्या मावशींच्या ओट्यावर आमच्या सगळ्या बैठका व्हायच्या त्यांच्याकडे. उजव्या हाताला फडकं बांधलेलं होतं. निकालाच्या रात्रीच नवऱ्यानं मारलं होतं. "माझी बाटली आडवी करतीस काय?" म्हणत. हाताचं हाड मोडलं होतं. शेजारणींनी गावातल्याच कुणाकडून तरी बांधून घेतलं. दवाखाना नाही, पोलीस नाही. मला कुणी कळवलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. मी रडायला लागले. "मावशी, माझ्यामुळं झालं" असं काहीतरी म्हणाले. त्यांनी मला पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "ताई, हरल्याचं काई न्हाई. तुमी हरल्या म्हून आल्या न्हाईत. आमाला हरून बी हितंच ऱ्हावं लागतंय."

मैत्रिणींनो, माझं म्हणणं सगळं या एका वाक्यात आहे. आपण मोठी स्वप्नं बघतो आणि ती बघितलीच पाहिजेत. पण ती पुरी होणं बहुतेक वेळा आपल्या हातात नसतं. ते कायद्याच्या हातात असतं, मंत्रिमंडळाच्या, न्यायालयाच्या, पावसाच्या, मुकादमाच्या हातात असतं. तिथं हरणं ही आपली नामुष्की नाही. पण हरल्यानंतर त्या गावात जायचं की नाही, हे पूर्णपणे आपल्या हातात असतं. मी मतदानात हरले याचं दुःख मला आजही आहे, पण लाज नाही. ते दोन महिने मी गेले नाही, याची लाज आहे.

यावर काही जणी म्हणतील, की एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं, चळवळीत हारजीत चालायचीच. चालायचीच, कबूल. पण हार कुणाच्या अंगावर पडते ते बघायला हवं. आपल्या आणि गावातल्या बाईच्या हरण्यात फरक आहे. आपल्याला जीप असते, दुसरं गाव असतं, दुसरा प्रकल्प असतो. तिनं सगळ्या गावादेखत सही केलेली असते, दुकानदाराशी वैर घेतलेलं असतं आणि रात्री त्याच घरात झोपायचं असतं. म्हणून हरण्याला तोंड देणं हा नुसता कार्यकर्तीच्या मनाच्या ताकदीचा प्रश्न नाही. तो संघटनेच्या कामाचा भाग आहे. मोर्चाची जशी आखणी करतो तशीच हरण्याचीही करायला हवी.

दुसरी एक सवय आपल्याला आहे. हार झाली की तिचा पुढे काय फायदा झाला ते शोधायचं आणि त्यावर समाधान मानायचं. मथुराचं उदाहरण घ्या. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात त्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. उच्च न्यायालयानं दोन पोलिसांना दोषी धरलं, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडून दिलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. १९८० साली देशभर बायका रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. आपल्या चळवळीचा इतिहास सांगताना आपण इथून सुरुवात करतो, आणि ते बरोबरच आहे. पण मथुराचा निकाल बदलला नाही. राजस्थानातल्या भंवरीदेवींचं तेच. त्या साथिन, म्हणजे आपल्यासारख्याच कार्यकर्त्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ साली खालच्या न्यायालयानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. त्या लढ्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला, २०१३ चा कायदा आला. आज शहरातल्या कचेरीत बसणाऱ्या बाईला त्याचा आधार आहे. भंवरीदेवींच्या अंगणात मात्र तो निकाल पोहोचला नाही.

चळवळ जिंकली म्हणून ती बाई जिंकली असं होत नाही, हे स्वतःशी कबूल केलं पाहिजे. 'तुझ्या हरण्यातून पुढच्यांचं भलं होईल' हे आपण दुसऱ्या बाईला सांगू नये. तिला ते स्वतःहून म्हणावंसं वाटलं तर तिनं म्हणावं. आपण तिला एवढंच विचारावं, "आत्ता तुला काय लागतंय?"

जिंकलेलंही आपल्या हातात राहतं असं नाही. आंध्र प्रदेशात १९९२ साली नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबागुंटाच्या बायका साक्षरतेच्या वर्गात बोलता बोलता दारूवर आल्या आणि त्यांनी गावातली अरकाची विक्री बंद पाडली. ते लोण राज्यभर गेलं. १९९३ मध्ये अरकावर बंदी आली, १९९५ मध्ये पूर्ण दारूबंदी, आणि १९९७ मध्ये सरकारनं ती उठवली. आपल्याकडे चंद्रपूरच्या बायका २०१० साली चिमूरहून नागपूरला विधानभवनावर चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळानं ती उठवली. दारूबंदी हा उपाय बरोबर की चूक, चोरटी दारू वाढते का, मारहाणीचं मूळ दारूत आहे की पुरुषाच्या हातातल्या सत्तेत, यावर आपल्यात मतभेद आहेत आणि ते मोकळेपणानं बोलायला हवेत. माझा मुद्दा एवढाच, की चालत गेलेल्या बायकांच्या पायात कमी नव्हती. बंदी आली तेव्हा निर्णय दुसऱ्यांचा होता, उठली तेव्हाही दुसऱ्यांचाच.

आणि काही स्वप्नं माणसाच्या आयुष्याहून लांब असतात. महिला आरक्षणाचं विधेयक पहिल्यांदा संसदेत आलं १९९६ साली. त्यावरच्या संयुक्त समितीच्या अध्यक्ष गीता मुखर्जी २००० साली गेल्या. २०१० मध्ये ते राज्यसभेत मंजूर झालं, पण लोकसभेत आलंच नाही. २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, तेही अंमल जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर, अशा अटीवर. गीताताईंनी फक्त निकालाकडे डोळे लावून काम केलं असतं तर त्यांच्या पदरात काय पडलं असतं?

मग आपण काय करायचं? उपदेश करण्याइतकी मी मोठी नाही. त्या गावात पुढे जे केलं ते सांगते.

गुढीपाडव्याच्या सुमाराला टोळ्या परत आल्या. मावशींच्या ओट्यावर पुन्हा बैठक घेतली. मी एक मोठा कागद भिंतीला लावला आणि त्याचे तीन भाग केले. पहिल्यात, आपल्या हातात नव्हतं ते. दुसऱ्यात, आपल्या हातात होतं आणि आपण केलं ते. तिसऱ्यात, आपल्या हातात होतं आणि राहून गेलं ते. पहिल्या भागात भराभर नावं आली. दुष्काळ, तारीख, मुकादम, निम्म्याची अट. दुसऱ्यात बायका काही सांगेचनात. मीच आठवण करून दिली. पाच महिने दर आठवड्याला बैठक. दुकानदारानं साड्या वाटल्या, त्या वीस जणींनी परत केल्या. ज्या सुनांना सासूनं कधी शाळेच्या फाटकापर्यंत एकटं जाऊ दिलं नव्हतं त्या मतपत्रिका घेऊन पडद्याआड एकट्या गेल्या. हे ऐकताना बायकांचे चेहरे बदलले. हरल्यावर माणूस आपण काय केलं होतं तेसुद्धा विसरतो. ते कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावं लागतं.

तिसरा भाग सगळ्यात अवघड होता. तिथं आमच्या गटाच्या हिशेब ठेवणारीनं मतदार यादी काढली. आम्ही सगळ्या मिळून एकेक नाव वाचलं. लग्न होऊन वर्षानुवर्षं सासरी असलेल्या ५८ मुलींची नावं अजून यादीत होती. वारलेल्या २१ बायकांची नावं होती. तिनं पाटीवर वजाबाकी केली. ८१२ मधून ७९ गेले, राहिले ७३३. त्याच्या निम्म्याहून जास्त म्हणजे ३६७. आम्हाला मिळाली होती ३७१.

सगळ्याजणी गप्प झाल्या. यादीतलं नाव कमी करायचा सात नंबरचा अर्ज असतो. तो आधीच भरता आला असता. अर्ज ऑगस्टऐवजी टोळ्या घरी असताना, उन्हाळ्यात, देता आला असता. हे आमच्या हातात होतं. मला वाटलं आता माझ्यावर सगळ्या तुटून पडतील. आणि मावशी हसल्या. "म्हंजी मेलेल्या बायांनी आपल्याला हरवलं म्हना की!" मग सगळ्याच हसल्या. हसता हसता काहीजणींच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या दिवशी मला एक गोष्ट उमजली. 'काहीच आपल्या हातात नव्हतं' असं म्हटलं की दुःख हलकं होतं, पण आपण शिकत नाही. 'सगळं माझ्यामुळं झालं' असं म्हटलं की आपण फार मोठे आहोत असं मनातल्या मनात समजत असतो. दोन्ही खोटं. आपल्या वाट्याची चूक नेमकी किती, ते मोजून घेतलं की ती उचलता येते. माझी दोन महिन्यांची झोप ज्या छत्तीस मतांनी घालवली त्यांचा हिशेब पाटीवर दहा मिनिटांत झाला. पण तो मला एकटीला खोलीत बसून करता आला नसता.

त्या बैठकीत उभ्या बाटलीच्या ६४ मतांचाही विषय निघाला. "बायकाच बायकांच्या वैरी" असं एकजण म्हणालीच. मत गुप्त असतं, कुणी कुठं टाकलं ते कळत नाही, आणि मी म्हटलं की ते शोधायचं नाही. तेव्हा कोपऱ्यात बसलेली एक विधवा बाई उठली. ती दुकानाच्या बाहेर उकडलेली अंडी आणि फुटाणे विकते. म्हणाली, "मी टाकलं उभ्या बाटलीला. दुकान गेलं तर माझ्या लेकरांच्या ताटात काय वाढू?" तिच्या पोटाचं काय, याचा विचार आम्ही पाच महिन्यांत एकदाही केला नव्हता. तोही तिसऱ्या भागात लिहिला. जी ९९ नावं गावात असून आली नव्हती त्यातल्या काहीजणी म्हणाल्या, त्या दिवशी कापसाची वेचणी होती, मजुरी बुडवून येणं जमलं नाही. त्यांना आम्ही आळशी समजत होतो.

तेव्हापासून आमच्या संघटनेत आम्ही काही गोष्टी ठरवून घेतल्या आहेत. कुठलाही लढा सुरू करताना पहिल्याच बैठकीत सांगायचं, की आपण हरू शकतो. "जिंकणारच" असं वचन कुणाला द्यायचं नाही. मला भीती होती की असं सांगितलं तर बायका येणार नाहीत. तसं झालं नाही. त्यांना हरणं नवं नसतं, फसवलं जाणं नको असतं. दुसरं, निकालाच्या रात्री आणि पुढचा आठवडाभर संघटनेच्या दोघीजणी गावातच मुक्कामाला असतात, निकाल काहीही लागो. पुढं होऊन बोलणाऱ्या बायकांची आधीच यादी करायची. घरात मार खाण्याची भीती कुणाला आहे ते विचारून ठेवायचं. कौटुंबिक हिंसेपासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी कोण, कुठं बसतात, त्यांच्याकडे अर्ज कसा द्यायचा, हे मतदानाच्या आधी बायकांना ठाऊक असायला हवं. तिसरं, अहवालात हार ही हार म्हणून लिहायची. निधी देणाऱ्यांना वाईट वाटेल, पुढचा हप्ता अडेल, ही भीती मला माहीत आहे. पण अहवालात सगळं यश लिहिलं की दुसऱ्या गावातली कार्यकर्ती तीच चूक पुन्हा करते.

आणि एक कार्यकर्तींबद्दल. आपल्यातल्या कितीतरी जणी एखाद्या अशाच हरण्यानंतर काम सोडून गेल्या. आपण म्हटलं, तिची बांधिलकी कमी पडली. तिच्याशी कुणी बसून बोललं होतं का? बायकांना आपण सांगतो, दुःख मनात ठेवू नका, गटात बोला. स्वतःच्या बाबतीत मात्र कार्यकर्तीनं कणखर असावं अशी आपली अपेक्षा असते. हरलेल्या कार्यकर्तीला रडायला चार दिवस आणि बोलायला एक मैत्रीण मिळाली पाहिजे. पण चार दिवसांनी तिला गावात घेऊन जाणारंही कुणी पाहिजे. मला कुणी हाताला धरून नेलं असतं तर मावशींचा हात आठ दिवसांच्या आत दवाखान्यात दाखवता आला असता. तो आजही पूर्ण वळत नाही.

त्या गावाचं पुढं काय झालं असं तुम्ही विचाराल. दुकान अजून आहे. दुसरं मतदान झालेलं नाही. २०२० साली टाळेबंदी आली, त्यात सगळंच थांबलं, आणि नंतर बायकांनी दुसरी कामं आधी हातात घेतली. दर उन्हाळ्यात टोळ्या परत आल्या की गटाच्या बायका मतदार यादी घेऊन बसतात, लग्न झालेल्या, वारलेल्या नावांचे अर्ज भरतात, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलींची नावं घालतात. पुन्हा मतदान मागायचं की नाही ते त्या ठरवतील. मागितलं तर जिंकतील का, मला माहीत नाही. ही गोड शेवटाची गोष्ट नाही, आणि मला ती ओढून ताणून गोड करायची नाही.

त्या रात्री आलेल्या पोरीला मी शेवटी एवढंच म्हटलं, "काय सांगायचं ते उद्या गाडीत बसून ठरवू. पहिल्या एस.टी.नं दोघी जाऊ." सकाळी गेलो. गावात उतरलो तेव्हा ज्या बाईनं सगळ्यात जास्त धावपळ केली होती ती पाण्याच्या टाकीपाशी एकटीच उभी होती. आम्हाला बघून तिनं घागर खाली ठेवली. म्हणाली, "आलात होय? मला वाटलं आता काय येत न्हाई तुमी." आम्ही तिच्या घरी गेलो, चहा घेतला. मतदानाबद्दल पहिला तासभर कुणीच काही बोललं नाही.

तुमच्याकडेही अशा हरलेल्या लढ्यांच्या गोष्टी असतील. मोर्चा निघाला पण जमीन मिळाली नाही, केस उभी राहिली पण साक्षीदार फुटले, बाई माहेरी आणली आणि ती परत त्याच घरात गेली. त्या लिहून पाठवा. नावं, गावं बदलून पाठवा, पण काय चुकलं, काय आपल्या हातात नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी गावात कोण गेलं, ते लिहा. जिंकलेल्यांच्या गोष्टींनी हुरूप येतो. हरलेल्यांच्या गोष्टी वाचल्या तर पुढच्या वेळी एखादीचा हात मोडायचा वाचेल.